खांब उभे राहतील. वीज कोठे आहे?

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला राज्य परिवहनाची पहिली बस धावली. १ जून २०२२ रोजी, म्हणजे बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, त्याच मार्गावर एस.टी.ची विजेवर चालणारी पहिली 'शिवाई' बस धावली. वर्धापनदिनाचे औचित्य साधून केलेला हा आरंभ शोभून दिसला, यात शंका नाही. परंतु या दोन प्रवासांत एक मूलभूत फरक आहे आणि तो अद्याप आमच्या नियोजनकर्त्यांच्या पुरता ध्यानी आलेला दिसत नाही. पहिल्या बसचे इंधन वाटेत संपले असते, तर ते डब्यातून नेऊन टाकीत ओतता आले असते. वीज डब्यातून नेता येत नाही. ती जेथे हवी तेथे, हवी तेवढी आणि हव्या त्या वेळी पोचविण्याची तजवीज गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. ही तजवीज कोणी करावयाची, याचे नि:संदिग्ध उत्तर आज महाराष्ट्रात मिळत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे आमचे म्हणणे नाही. वाहनास वीज पुरविणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असा खुलासा केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला आणि परवान्याची अडचण दूर झाली. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरांवर एक चार्जिंग केंद्र आणि अवजड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरांवर जलद चार्जिंगची सोय असावी, असे सांगण्यात आले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत केवळ चार्जिंग केंद्रांसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना व बसना टोलमाफी दिली. हेतू चांगला आहे, पैसाही आहे. तथापि या साऱ्या धोरणांचा मोजमापाचा दंडक एकच आहे: केंद्रे किती उभी राहिली? आमच्या मते घोटाळा येथेच होतो. खांब मोजता येतात म्हणून ते मोजले जातात. प्रवाशाला मात्र खांब नको असतो, त्याला वीज हवी असते.

शाळेतील काळ-काम-वेगाचे गणित आमच्या वाचकांना आठवत असेल. तेच येथे मांडून पाहू. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा. दर २५ किलोमीटरांवर एक या हिशेबाने प्रत्येक बाजूस चार केंद्रे झाली की नियम पाळला गेला. आता एका केंद्रावर दोन गाड्या एकाच वेळी जोडता येतात, असे धरू. ६० किलोवॉटच्या यंत्रावर मोटारीने तीस युनिटे घ्यावयाची म्हटली, तर गाडी लावणे, जोडणे, पैसे देणे हे सर्व धरून सुमारे चाळीस मिनिटे जातात. शुक्रवारी सायंकाळी जोडून सुट्ट्या आल्या आणि दहा मोटारी एकदम येऊन उभ्या राहिल्या, तर दहाव्या कुटुंबाची पाळी अडीच तासांहून अधिक काळानंतर येते. दोहोंपैकी एक यंत्र बंद असेल, तर तोच माणूस सहा तास थांबतो. म्हणजे मुलांसह निघालेला गृहस्थ पुण्याला जेवावयास नव्हे, न्याहारीस पोचेल! नियमाच्या कागदावर मात्र केंद्र हजर असते आणि अहवालात त्याच्यापुढे बरोबरची खूण असते.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या स्वभावाची. नकाशावरील पंचवीस किलोमीटर सर्वत्र सारखे असतात, बॅटरीच्या लेखी ते तसे नसतात. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना वाहनाला पाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. सोळा टनांची भरलेली बस तेवढी उंच नेण्यासाठीच पंचवीस युनिटांच्या आसपास वीज खर्ची पडते, म्हणजे सपाट रस्त्यावरच्या वीस किलोमीटरांचे इंधन निव्वळ चढणीत जाते. उलट घाट उतरताना मोटरच ब्रेकचे काम करते आणि खर्चलेल्या विजेचा काही भाग बॅटरीत परत येतो. तेव्हा मुंबईहून येणाऱ्यास घाटाच्या पायथ्याशी भक्कम सोय हवी आणि पुण्याहून जाणाऱ्यास ती तेथे तितकीशी नको, हे साध्या व्यवहारज्ञानाने कळण्यासारखे आहे. समृद्धी महामार्गावर तर आणखी एक बाब आहे. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मुभा आहे आणि वेग वाढला की हवेचा रोध झपाट्याने वाढतो. त्यामुळे शहरात जी गाडी तीनशे किलोमीटर जाते, ती तेथे तेवढी जात नाही. समान अंतरावर समान खांब रोवणारा नियम या गोष्टी विचारात घेत नाही.

समृद्धी महामार्गाचा अनुभव ताजा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी सुरू होऊन ७०१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. पहिला टप्पा खुला झाला, तेव्हा पेट्रोल पंप, उपाहारगृहे, स्वच्छतागृहे व विश्रांतीच्या जागा यांची किती टंचाई होती, याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. आधी रस्ता आणि मग सोयी, हा क्रम पेट्रोलच्या गाडीने कसाबसा निभावून नेला. विजेच्या गाडीला तो निभावता येणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आमची जुनी खोड येथे महागात पडेल.

मोटारवाल्यांची गैरसोय हा या प्रश्नाचा लहान भाग होय. मोठा भाग ताफ्यांचा आहे. एस.टी.ची सुमारे अडीचशे आगारे, पुणे-मुंबईच्या शहर बस, कारखान्यांच्या व कार्यालयांच्या गाड्या आणि बंदरावरून माल वाहणारे ट्रक या सर्वांचा यात समावेश होतो. शंभर बसचे एक आगार घेऊ. प्रत्येक बस दिवसाला दोनशे किलोमीटर धावली आणि किलोमीटरला सव्वा युनिटाच्या आतबाहेर वीज लागली, तर एका बसला सुमारे २४० आणि आगाराला २४,००० युनिटे लागतील. रात्रीच्या सहा तासांत ती भरावयाची तर सतत चार मेगावॉटचा पुरवठा हवा. दोन किलोवॉट भाराची दोन हजार घरे रात्रभर एका जागी आणून बसवावीत, तसे हे आहे. आणि शंभरही बस रात्री दहाला परतल्या परतल्या शंभर किलोवॉटच्या यंत्रांना जोडल्या, तर हाच भार दहा मेगावॉटांवर जाईल. त्यासाठी अडीचपट मोठे रोहित्र, अडीचपट जाड वाहिनी आणि त्याच प्रमाणात वाढलेला खर्च आला. म्हणजे कोणती बस केव्हा परतते, पहाटे कोणती आधी सुटते आणि कोणती दुपारी दोन तास उभी असते, या वेळापत्रकावरच आगाराच्या विजेचा खर्च अवलंबून आहे. दुपारी सूर्याची वीज मुबलक असते व २०२३ च्या केंद्रीय नियमांनी त्या वेळचा दर स्वस्त ठेवण्यास सांगितले आहे. दुपारच्या विसाव्यात गाडी भरून घेतली, तर पैसाही वाचेल आणि कोळशाचा धूरही. यासाठी वेळापत्रक करणारा अधिकारी आणि वीज देणारा अभियंता एका टेबलाशी बसावयास हवेत.

ते बसतात काय? एस.टी.ने ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार २०२३ मध्ये केला. ठरल्या वेळी गाड्या आल्या नाहीत, हे २०२५ मध्ये खुद्द परिवहनमंत्र्यांनीच सांगितले. पुरवठादाराचे काय करावयाचे ते महामंडळ पाहील. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या सर्व गाड्या ठरल्या दिवशी दारात येऊन उभ्या राहिल्या असत्या, तर त्या भरण्यास किती आगारांत उच्चदाबाची वीज तयार होती? गाडी ठेकेदाराची, जागा महामंडळाची, वाहिनी महावितरणाची आणि रस्ता आणखी तिसऱ्याच महामंडळाचा, अशी ही वाटणी आहे. प्रत्येकाचा आपापला भाग चोख असूनही बस जागची हलणार नाही, असा प्रसंग या वाटणीत सहज उद्भवू शकतो. आणि तसा तो उद्भवला, तर जाब विचारावा असा एकही मनुष्य सापडणार नाही.

विजेवरच्या वाहतुकीचे काम आमच्या प्रांताला नवे नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. पुढे काही वर्षांतच बोर घाटातून पुण्यापर्यंत वीज आली. त्या रेल्वे कंपनीने आधी इंजिने आणून मग विजेची शोधाशोध केली नाही. ठाकुर्लीजवळ चोळे येथे तिने स्वतःचे वीजगृह उभारले, मार्गावर उपकेंद्रे बांधली, घाटात किती गाड्या एकाच वेळी चढणार याचा हिशेब केला आणि मग गाड्या सोडल्या. परक्यांच्या राजवटीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. गाडी, मार्ग, वीज आणि वेळापत्रक ही चारही अंगे एका हाती होती म्हणून ते काम तडीस गेले, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

यावर असे म्हटले जाईल की, हे खाजगी उद्योजकांवर सोपवा. मागणी वाढली की केंद्रे आपोआप निघतील. मुंबई–पुणे मार्गावर ती निघतीलही. जेथे गर्दी तेथे दुकान, हा व्यापाराचा धर्मच आहे आणि त्यात काही वावगे नाही. परंतु उमरखेड, अहेरी, जव्हार अशा ठिकाणी दिवसाला दोन मोटारी येतील या भरवशावर कोण रोहित्र बसवील? तेथे विजेचा पहिला कायम गिऱ्हाईक एस.टी.च असणार. तिच्या आगारासाठी आलेली वाहिनी थोडी मोठी घेतली, तर त्याच आवाराच्या बाहेरच्या अंगास खाजगी मोटारी, रिक्षा व टेम्पो यांचीही सोय होईल. ताफ्याचे नियोजन आणि महामार्गाचे नियोजन ही दोन वेगळी कामे मानू नयेत, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

आमच्या सूचना थोडक्या आहेत. पहिली, राज्याने या कामासाठी एकच अधिकारी संस्था नेमावी आणि एस.टी., रस्ते महामंडळ व महावितरण यांचा मिळून एकच नकाशा तिने दरवर्षी प्रसिद्ध करावा. कोणत्या ठिकाणी किती मेगावॉट आज आहेत आणि पाच वर्षांनी किती लागतील, हे त्यात लिहिलेले असावे. दुसरी, आगारातील वाहिनीत वीज खेळू लागल्याखेरीज तेथील बसच्या भाड्याचा करार अमलात येऊ नये. नवी जोडणी खेड्यांत पंधरा दिवसांत द्यावी, असे २०२४ चे केंद्रीय नियम सांगतात. परंतु जेथे नवे उपकेंद्रच बांधावे लागते, तेथे पंधरा दिवसांची भाषा व्यर्थ आहे. ते काम गाड्यांच्या मागणीपत्राबरोबरच सुरू झाले पाहिजे. तिसरी, सरकारी अनुदान खांब उभारल्याबद्दल एकरकमी देऊ नये. यंत्र वर्षभरात किती तास चालू राहिले, हे पाहून ते हप्त्याहप्त्याने द्यावे आणि बंद यंत्रांची यादी लोकांना पाहता यावी. चौथी, प्रत्येक कंपनीचे वेगळे अॅप आणि वेगळे खाते ही कटकट बंद करून कोणत्याही केंद्रावर एकाच रीतीने पैसे देता यावेत. पाचवी, चाळीस मिनिटे थांबणाऱ्या माणसाला सावली, पाणी, उजेड आणि स्वच्छतागृह हवे; रात्री एकट्या थांबणाऱ्या स्त्रीला आणि दिवसभर ट्रक हाकून आलेल्या चालकाला तर ते अधिकच हवे. याला चैन समजू नये.

यांतील एकही सूचना अचाट नाही, किंवा फारशी खर्चाचीही नाही. उद्घाटनाच्या फितीपेक्षा वाहिनीच्या जाडीकडे अधिक लक्ष द्यावे, एवढाच निग्रह त्यासाठी लागतो.

विजेच्या गाड्या येणार, हे आता ठरल्यासारखे आहे. त्या आलेल्या आम्हांलाही हव्या आहेत. शहरांच्या हवेला त्यांची गरज आहे आणि परदेशी तेलावर उधळणारा पैसाही वाचावयास हवा. परंतु या बदलाची परीक्षा अटल सेतूवरून टोल न देता जाणाऱ्या मोटारीत होणार नाही. पहाटे पाच वाजता तालुक्याच्या बसस्थानकावर इस्पितळात जाण्यासाठी, परीक्षेसाठी किंवा बाजारासाठी निघालेला माणूस उभा असतो. त्याची गाडी रात्री भरली गेली होती काय आणि ती वेळेवर सुटली काय, हीच ती परीक्षा. त्याला बॅटरीचे शास्त्र ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही. एस.टी. येते, हा त्याचा पाऊणशे वर्षांचा विश्वास आहे. विजेअभावी तो विश्वास एकदा तुटला, तर तो पुन्हा भरून देणारे चार्जिंग केंद्र अद्याप कोणी बांधलेले नाही.