चोरीचे खटले कोठे संपतात?

चोपडे तालुक्यातील केळीच्या बागेतून विहिरीवरची मोटार वा तांब्याची केबल चोरीस गेली म्हणजे शेतकरी पोलीस ठाण्याची पायरी चढतो, ती चोरास शिक्षा होईल आणि माल परत मिळेल या आशेने. परंतु साक्षीपुरावे होऊन निकालपत्राने संपणारे चोरीचे खटले थोडेच. बाकीची प्रकरणे ज्या वाटांनी संपतात, त्या नागरिकांनी नीट ओळखून घेतल्या पाहिजेत.

पहिली वाट 'अ' समरीची. गुन्हा खरा, परंतु चोराचा थांग नाही, असा अहवाल पोलीस दंडाधिकाऱ्यांकडे पाठवितात. तो स्वीकारून प्रकरण बंद करण्यापूर्वी फिर्यादीचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली घालून दिला. तशी नोटीस येऊनही जो न्यायालयात जात नाही, तो आपला हक्क आपल्या हातानेच सोडतो.

दुसरी वाट तडजोडीची. साध्या चोरीचा खटला मालाच्या मालकास आपसांत मिटविता येतो. यात गैर काही नाही. मात्र माल हाती पडावा म्हणून कोणास मनाविरुद्ध तडजोड करावी लागू नये. मुद्देमाल ठाण्याच्या आवारात कुजत न ठेवता पंधरा दिवस ते महिन्याभरात त्याची सोय लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले आहे.

तिसरी वाट कबुलीची; आणि आमच्या मते खरी चिंता येथे आहे. गरीब आरोपीस जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. मग 'गुन्हा कबूल' म्हणावे आणि भोगलेली कैद शिक्षेत धरून घरी जावे, हा मार्ग त्यास सोपा भासतो. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास किमान एक वर्षाची सक्तमजुरी आहे. आजची सोयीची कबुली ही उद्याच्या तुरुंगवासाची पायाभरणी ठरू शकते! प्रथम गुन्हेगारास समज देऊन वा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूद १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे. ती त्यास सांगणार कोण? कोठडीतील प्रत्येकास मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. कबुली नोंदविण्यापूर्वी तो वकील आरोपीशी बोलला आहे, याची खात्री करून घेतली गेली पाहिजे.

नव्या संहितेने पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीस, माल वा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. हा विचार स्वागतार्ह होय. परंतु तेवढ्या किमतीची चोरी आता अदखलपात्र झाली असून दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांस तिचा तपास करता येत नाही. शेतमजुराची चार हजारांची शेळी हीच त्याची पुंजी असते. चोरावर दया दाखविताना त्या मजुराकडे पाठ फिरविली जाऊ नये.

खटले लवकर मिटावेत, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु खटला मिटणे आणि न्याय होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. फिर्यादीस त्याचा माल आणि आरोपीस त्याचा वकील वेळेवर मिळाला, तरच त्या एका ठिकाणी येतील. तालुका विधी सेवा समिती, वकील मंडळी आणि पोलीस यांनी एवढे मनावर घ्यावे.