पदार्पणाची बखर आणि कराराचा कागद

एखादी गायिका गर्ल ग्रुपमधून बाहेर पडून पहिला स्वतंत्र अल्बम घेऊन येते, तेव्हा तिच्याविषयी हमखास दोन बखरी लिहिल्या जातात. एकीत पाखराने पिंजरा तोडलेला असतो, दुसरीत महत्त्वाकांक्षेने मैत्रिणींचा घात केलेला असतो. १९९९ साली जेरी हॅलिवेलविषयी हेच लिहिले गेले आणि २०१८ साली कॅमिला कॅबेयोविषयीही. नाव तेवढे बदलायचे, मजकूर तोच.

या धाग्यात मला दोन्ही बखरींशी भांडायचे आहे. त्यासाठी निवडलेले साधन म्हणजे जून १९७० मध्ये मोटाउन कंपनीने काढलेला ‘डायना रॉस’ हा अल्बम. सुप्रीम्स सोडल्यानंतरचा डायनाचा हा पहिलाच.

पूर्वपीठिका थोडक्यात. डेट्रॉइटमधील ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीतील शाळकरी मुलींनी १९५९ मध्ये ‘प्रायमेट्स’ नावाचा गट उभा केला. जानेवारी १९६१ मध्ये मोटाउनने त्यांना करारबद्ध केले, आणि ‘सुप्रीम्स’ हे नवे नाव निवडले फ्लॉरेन्स बॅलार्डने. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९६४ ते १९६९ या काळात या गटाची १२ गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली.

१९६७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फ्लॉरेन्सच्या जागी सिंडी बर्डसाँग आली, आणि गटाचे नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झाले. ‘घात’वाल्या बखरकारांचा सारा पुरावा एवढाच : डायनाला मोठे व्हायचे होते, कंपनीचे मालक बेरी गॉर्डी तिच्या प्रेमात होते, म्हणून नाव बदलले.

प्रेमप्रकरण खरे होते. तथापि प्रेमप्रकरणाने एका व्यक्तीची निवड समजते, व्यवस्था समजत नाही. त्याच कंपनीत मिरॅकल्सचे ‘स्मोकी रॉबिन्सन अँड द मिरॅकल्स’ आधीच झाले होते, आणि १९६७ मध्येच मार्था अँड द व्हॅन्डेलाजचे ‘मार्था रीव्ह्ज अँड द व्हॅन्डेलाज’ झाले. तिथे कोणत्या प्रेमप्रकरणाचा हवाला देणार? एका गटातून पुढेमागे दोन स्वतंत्र विक्रीयोग्य नावे निघू शकतात, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता.

आणि केवळ महत्त्वाकांक्षा पुरेशी असती तर डेव्हिड रफिनचे काय झाले? टेम्प्टेशन्सच्या या मुख्य गायकाने गटाच्या नावाआधी आपले नाव लावावे असा आग्रह धरला. १९६८ मध्ये त्याला गटातून काढण्यात आले. गटातून काढले, पण कंपनीने सोडले नाही. त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम १९६९ मध्ये मोटाउननेच काढला. इच्छा गायकाची असली तरी हुकूम कंपनीचा, एवढे या एका प्रकरणातून दिसते.

आता एक गमतीचे, खरे म्हणजे अस्वस्थ करणारे साधन. ‘समडे वी विल बी टुगेदर’ हे सुप्रीम्सचे निरोपाचे गाणे डिसेंबर १९६९ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. तबकडीवर नाव गटाचे. पण तबकडीत मेरी विल्सनचा आवाज नाही, सिंडीचाही नाही. कोरस मॅक्सीन आणि जूलिया वॉटर्स या भगिनींचा आहे, आणि मधूनच ऐकू येणारा पुरुषी स्वर निर्माता जॉनी ब्रिस्टलचा. गाणे योजले होते डायनाच्या स्वतंत्र पदार्पणासाठी. ऐनवेळी त्यावर गटाचा शिक्का मारण्यात आला. शिक्का अस्सल आणि मजकूर दुसऱ्याचा, अशी सनद दफ्तरात हाती लागली तर आपण तिला काय म्हणतो?

१४ जानेवारी १९७० रोजी लास व्हेगसच्या फ्रंटियर हॉटेलात निरोपाचा कार्यक्रम झाला. त्याचेही ध्वनिमुद्रण करून अल्बम विकण्यात आला. निरोपाचाही माल होतो!

मग आला मूळ अल्बम. येथे डायनाच्या निंदकांशीही भांडायला हवे, कारण हा अल्बम चांगला आहे. जवळजवळ सगळा निकोलस अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलेरी सिम्प्सन या जोडीने घडवलेला. ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ हे गाणे मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांनी १९६७ मध्ये गायिले होते, हसतखेळत, अडीच मिनिटांत. या जोडीने त्याचे सहा मिनिटांचे नाट्य केले. डायना बराच वेळ नुसती बोलते, कोरस दूरवर घुमत राहतो, आणि परिचित ध्रुवपद अगदी शेवटाकडे उसळून येते. गॉर्डींना ही मांडणी रुचली नव्हती. रेडिओसाठी गाणे कापून छोटे करावे लागले. सप्टेंबर १९७० मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. तिच्या आवाजाची ताकद कुजबुजीत आहे, गर्जनेत नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

पण ‘पाखरू उडाले’ म्हणणाऱ्यांनी त्याआधीचे आकडे पाहावेत. या अल्बममधील पहिले सिंगल ‘रीच आउट अँड टच’ विसाव्या क्रमांकावर थांबले. त्याच वसंतात, जीन टेरेल मुख्य आवाज झालेल्या ‘उरलेल्या’ सुप्रीम्सचे ‘अप द लॅडर टू द रूफ’ दहाव्या क्रमांकापर्यंत गेले होते. डायनाविना गट संपला, ही समजूत निदान १९७० पुरती साफ खोटी आहे. आणि पिंजरा तुटला म्हणावे तर तबकडीवर कंपनी तीच, मालक तेच.

आता फ्लॉरेन्सकडे. तीही त्याच गटातून बाहेर पडली, तीही स्वतंत्र गायिका म्हणून उभी राहू पाहत होती. मोटाउनने १९६८ मध्ये सुमारे १,३९,८०० डॉलर देऊन तिच्याशी हिशेब मिटवला. त्या तडजोडीतील अट अशी की स्वतःच्या प्रसिद्धीत तिने सुप्रीम्सची माजी सदस्य असल्याचे सांगायचे नाही. जिने नाव निवडले तिलाच ते उच्चारण्याची बंदी! एबीसी रेकॉर्ड्सने तिची दोन सिंगल्स काढली, ती चालली नाहीत, आणि तयार होत असलेला अल्बम बासनात गेला.

आक्षेप मला ठाऊक आहे : फ्लॉरेन्स मद्यपान करी, कार्यक्रम चुकवी. ते नाकारण्याचे कारण नाही. तिला गटातून का काढले याचे ते अंशतः उत्तर आहेच. पण नव्या कंपनीत, नव्या तबकडीवर तिने आपली ओळख का सांगायची नाही, याचे उत्तर त्यात कुठे आहे? श्रोत्याला दुकानात अनोळखी नाव दिसते आणि तो पुढे सरकतो. डायनाचे नाव मात्र १९६७ पासून तीन वर्षे प्रत्येक तबकडीवर आगाऊ छापले जात होते. एकीचे पदार्पण आधीच जाहिरातून झाले होते, दुसरीचे पुसून टाकले गेले होते. १९७१ मध्ये फ्लॉरेन्सने मोटाउनवर दावा लावला, तो फेटाळला गेला. पुढे तिला तीन मुलींसह सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. २२ फेब्रुवारी १९७६ रोजी डेट्रॉइटमध्ये तिचे निधन झाले, वय ३२.

‘ड्रीमगर्ल्स’ या २००६ च्या चित्रपटात फ्लॉरेन्सवर बेतलेली एफी शेवटी सन्मानाने मंचावर परतते, आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातात. राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढताना बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासले होते. एफीची बखर फ्लॉरेन्सच्या करारावर घासली तर तिचा सुखान्त क्षणभरही टिकत नाही.

एबीसीसाठी फ्लॉरेन्सने केलेली ध्वनिमुद्रणे सीडीवर एकत्र आली ती २००१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी. १९७० च्या त्या अल्बमशेजारी ठेवून ती अवश्य ऐका. सीडीचे शीर्षक आहे ‘द सुप्रीम फ्लॉरेन्स बॅलार्ड’.