घाण नक्की कुठे आहे?

मंडळी, संक्रांतीला भाच्याने लॅपटॉपवर मार्को फेरेरी या इटालियन दिग्दर्शकाचा १९७३ सालचा 'ला ग्रांद बूफ' लावला. चार मित्र, एक न्यायाधीश, एक वैमानिक, एक टीव्हीवाला आणि एक आचारी, पॅरिसच्या बंगल्यात जमतात आणि खाऊन खाऊन मरायचे ठरवतात. मरतातही. अर्ध्या तासात "ई, काय घाण!" म्हणत घरच्यांनी तो बंद करायला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीने पुरा पाहिला.

मळमळले मलाही, खोटे कशाला बोलू? पण कानच्या महोत्सवात ज्या मे महिन्यात या सिनेमाची हुर्यो उडाली आणि समीक्षकांनी त्यालाच पारितोषिक दिले, तो १९७३ चा मे मला लख्ख आठवतो. महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. मी मंगळवेढ्याला मामाकडे होते. दामाजीपंतांचे गाव, ज्वारीचे कोठार म्हणवणारे. आणि तिथे आम्ही अमेरिकेची लाल मिलो खात होतो. भाकरी थापतानाच तुटायची. खडी फोडणाऱ्या बायका वाट्याची सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी नेत.

म्हणून विचारते, घाण म्हणालात ती कशाला? हीच मंडळी मार्गशीर्षात इथे सोलापुरात ज्या लग्नाला गेली, तिथे मी पदार्थ मोजले (मास्तरणीची खोड!). ४३ भरले. कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात अख्ख्या पुरणपोळ्या पडल्या होत्या. मुलीच्या बापाने कर्ज काढले आहे, हे त्या पिंपात ताट रिकामे करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. सिनेमातले चौघे निदान स्वतःच्या पैशाने मेले!

आणि 'आमच्या वेळी असे नव्हते' हे तर म्हणूच नका. जिलब्यांच्या पैजा आपणच लावल्या. जिंकणाऱ्याचे कौतुक वर्षभर चालायचे, आणि बायका शेवटच्या पंगतीला उरलेसुरले खायच्या.

त्या सिनेमात एक मास्तरीणही आहे हो. मुलांना बागेतले जुने झाड दाखवायला आणते, रात्री जेवायला येते ती राहतेच, सगळ्यांबरोबर खाते आणि शेवटी तीच तेवढी उरते. तिला पाहून मात्र माझी बोलती बंद झाली. त्या लग्नात, शुगर असताना, बासुंदीची दुसरी वाटी मीच मागून घेतली होती.

असो. वैशाखात आपल्या धाकटीचे लग्न आहे. जेवणाची यादी काल माझ्याकडे आली, ५१ पदार्थांची. लाल पेन घेऊन बसले आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल फोन करावा. फक्त दुपारी दोन ते चार नको, मी झोपते.