वारसा ही ललाटरेषा नव्हे

मेंदूच्या कर्करोगाचा रुग्ण किती काळ जगेल, यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचाही काही हात असतो काय, याचा शोध विज्ञान घेत आहे. आठव्या गुणसूत्रावरील एका उपजत भेदामुळे ‘आयडीएच’ बदल असलेल्या ग्लायोमाचा संभव सुमारे सहापट वाढतो, असे २०१२ साली आढळले. या गाठींचे रुग्ण इतर ग्लायोमांच्या रुग्णांपेक्षा सहसा अधिक जगतात.

परंतु वारसा हीच ललाटरेषा मानणे घातक आहे. ग्लायोब्लास्टोमावरील किरणोपचाराला टेमोझोलोमाइडची जोड मिळताच दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेले, हे २००५ च्या चाचणीने दाखवून दिले. ज्या गरिबाला हे उपचारच मिळत नाहीत, त्याच्या जनुकांना बोल लावणे हा कर्मविपाकाचाच नवा अवतार होय.

शिवाय २०१६ च्या मोजदादीनुसार जनुक-अभ्यासांतील ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. ते निष्कर्ष भारतीय शेतमजुराला जसेच्या तसे कसे लागू पडावेत? १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, ही स्वागतार्ह सुरुवात आहे. जनतेच्या रक्तातून मिळालेल्या ज्ञानाचे फळ सरकारी रुग्णालयातील खाटेपर्यंत पोचलेच पाहिजे.