कोनशिला नसलेली जाळी

सरकारी कचेरीत काम घेऊन गेलो की मी आधी कोनशिला वाचतो. कामाला वेळ लागणार हे ठरलेलेच असते, तेवढ्यात वाचून होते. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, मग पालकमंत्री, खासदार, आमदार, अध्यक्ष, उपाध्यक्ष अशी उतरत्या मानाने कोरलेली नावे. आमचा नंदुरबार जिल्हाच मुळी १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे इथल्या बऱ्याच कोनशिलांची अक्षरे अजून पुसट झालेली नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सभागृहाला बिरसा मुंडांचे नाव आहे, जिल्हा परिषदेतल्या सभागृहाला याहामोगी मातेचे. नावे योग्यच आहेत, तक्रार नाही. पण नाव द्यायला पाटीपुरताच खर्च येतो, हे देणाऱ्यालाही माहीत असते.

वाडे-महाल मोडून बांधण्याची हौस आमच्या मातीतली नाही. काठी संस्थानची राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात मानाची. १२४६ पासून ती चालत आल्याचे सांगतात. तिचे सारे वैभव उघड्यावर मांडलेले असते. उंचच उंच बांबूचा दांडा माणसे हाताने उभा करतात, रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे होळी पेटते. संस्थाने गेली तरी होळीचा मान तसाच राहिला, कारण तो भिंतींवर अवलंबून नव्हता. मुंबई-दिल्लीच्या सत्तेला मात्र भिंती लागतात. त्या भिंती आधीच्या कोणीतरी बांधलेल्या असल्या की नव्या माणसाला तिथे झोप लागत नाही.

मलबार हिलवरच्या राज्यपालांच्या बंगल्याशी नंदुरबारच्या माणसाचे काय देणेघेणे, असे कोणी विचारील. लातूर-सोलापूरकरांचे नसेल एवढे आमचे आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीने अनुसूचित क्षेत्राची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकली आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके आणि नंदुरबार-शहाद्याचा काही भाग त्यात येतो. विधिमंडळाने केलेला कायदा इथे लागूच करायचा नाही, किंवा फेरफार करून लागू करायचा, हे राज्यपाल अधिसूचना काढून ठरवू शकतात. म्हणजे त्या बंगल्यातून निघालेला एक कागद धडगावच्या डोंगरावर थेट पोहोचू शकतो. तेव्हा त्या घरात काय पाडले आणि काय बांधले, याची चौकशी आम्ही करणारच.

हे घरही मूळचे गव्हर्नरांचे मुख्य निवासस्थान नव्हे. इंग्रज गव्हर्नर आधी परळला राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे कॉलऱ्याने गेल्या आणि १८८५ मध्ये गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठला. परळचा वाडा रिकामा राहिला. मग मुंबईत प्लेग आला आणि १८९९ मध्ये त्या वाड्यात हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली. हीच आजची हाफकिन संस्था. गव्हर्नरांच्या मेजवान्या झडत त्या वास्तूत लस तयार होऊ लागली. पुढे दिल्लीतल्या व्हाइसरॉयच्या महालाचे रुग्णालय करावे अशी इच्छा गांधीजींनी बोलून दाखवली. ती कोणी मनावर घेतली नाही. मुंबईत मात्र तसेच काहीसे जवळजवळ पन्नास वर्षे आधी होऊन गेले होते, आणि तेही कुठल्या तत्त्वापोटी नव्हे, साथीच्या धास्तीने. सरकारी वास्तूचा इतका चांगला कायापालट महाराष्ट्रात दुसरा झालेला मला माहीत नाही. त्याचे श्रेय एकाही पुढाऱ्याला जात नाही, हे विशेष.

मलबार हिलवर अलीकडे बरीच कामे झाली. २०१६ मध्ये विद्यासागर राव राज्यपाल असताना जमिनीखाली इंग्रजांच्या काळातला बुजलेला बंकर सापडला. तिथे संग्रहालय झाले आणि १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान मोदींच्या हस्ते क्रांतिकारकांच्या ‘क्रांतिगाथा’ दालनाचे उद्घाटन झाले. साहेबांच्या तळघरात त्यांच्याच वैऱ्यांची चित्रे लावायची, ही कल्पना मला मनापासून आवडली. आमच्याकडचा कोणी तिथे गेला तर तो आधी शिरीषकुमारचे नाव शोधेल. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या रस्त्यावर गोळी झेललेले ते पोर तेव्हा सोळा वर्षांचेही पूर्ण नव्हते.

‘क्रांतिगाथा’ दालनाच्या उद्घाटनाच्याच दिवशी ‘जलभूषण’ या राज्यपालांच्या नव्याने बांधलेल्या निवासस्थानाचेही उद्घाटन झाले. त्याआधी फेब्रुवारीत राष्ट्रपती कोविंद यांनी नव्या दरबार हॉलचे उद्घाटन केले होते. १९११ चा जुना हॉल लहान पडत होता, म्हणून मोठा बांधला. पण नाव तेच ठेवले. पुढे दोनच वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, राष्ट्रपती भवनातल्या दरबार हॉलचे ‘गणतंत्र मंडप’ झाले, कारण दरबार प्रजासत्ताकाला शोभत नाही असे ठरले. आणि २०२५ च्या अखेरीस केंद्राच्या सूचनेवरून राजभवनाचे लोकभवन झाले. पाटी बदलली, फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारायचे प्रश्न बदलले असतील असे वाटत नाही.

ही खोड आपल्याच पुढाऱ्यांची, असे मात्र समजू नये. वॉशिंग्टनमध्ये ट्रूमन यांनी १९४८ मध्ये व्हाइट हाउसला सज्जा काढला तेव्हा ओरड झाली होती. नंतर वास्तू आतून इतकी खिळखिळी निघाली की बाहेरच्या भिंती तेवढ्या ठेवून सगळे आत नव्याने बांधावे लागले. ट्रम्प यांनी तर ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या घराची पूर्वेकडची बाजूच पाडली, मेजवानीच्या भव्य दालनासाठी. ट्रूमननी घर कोसळू नये म्हणून पाडले, ट्रम्पनी पाहुणे मावावेत म्हणून. हातोडा दोघांचाही, पण दोन्ही कामांना एकाच मापाने मोजता येत नाही.

मुंबईतल्या मंत्र्यांचे बंगले हा वेगळाच विषय. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रालयासमोरच्या बंगल्यांना गडकोटांची नावे दिली गेली. तेव्हा आदिवासी विकास खाते आमच्या अक्कलकुव्याच्या के. सी. पाडवींकडे होते. ए-बी-सी आणि आकड्यांनी ओळखले जाणारे बंगले एका फटक्यात किल्ले झाले आणि सहा महिन्यांच्या आत त्यातले बरेचसे किल्लेदार बदलले. त्याच वर्षी जूनमध्ये, २२ तारखेच्या रात्री, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे सामानसुमान घेऊन ‘वर्षा’ या सरकारी बंगल्यावरून आपल्या घरी, ‘मातोश्री’कडे निघाले. लोक रस्त्यावर उभे होते. घर सोडूनही राजकारण करता येते हे महाराष्ट्राने त्या रात्री दूरदर्शन संचावर पाहिले. ‘वर्षा’च्या डागडुजीवर आजवर जो काही खर्च झाला असेल, त्यातून एवढा परिणाम कोणालाच साधलेला नाही.

‘वर्षा’वरच्या कथा तर संपतच नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्री फडणवीस तिथे राहायला का जात नाहीत, यावर विरोधी बाजूच्या एका खासदाराने बंगल्याच्या आवारात रेड्याची शिंगे पुरल्याची चर्चा सांगितली. फडणवीसांनी किरकोळ दुरुस्ती आणि मुलीची दहावीची परीक्षा अशी साधी कारणे दिली. मंत्रालयातले ६०२ क्रमांकाचे दालन अपशकुनी म्हणून मंत्री टाळतात, हेही वर्तमानपत्रांत कितीदा येऊन गेले आहे. आमच्या सातपुड्यात डाकीण ठरवून बाईला छळण्याविरुद्ध शिबिरे होतात. प्रबोधन करायला मुंबईहून माणसे येतात. यावीतच. जाताना सहाव्या मजल्यावरही एक शिबिर घ्यावे, एवढीच सूचना.

आता मंत्रालयाकडे वळू. १९५५ मध्ये सचिवालय म्हणून सुरू झालेली ही इमारत १९७५ मध्ये मंत्रालय झाली. २१ जून २०१२ च्या आगीने वरचे मजले खाक केले आणि मग सगळ्या इमारतीचे रूप पालटले. त्या नूतनीकरणावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या बांधकामाबद्दल. जानेवारी २०१८ मध्ये आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातले, विखरणचे एक वृद्ध शेतकरी संपादित जमिनीचा योग्य मोबदला मागत मंत्रालयात गेले आणि तिथेच त्यांनी विष घेतले. काही दिवसांत ते गेले. फेब्रुवारीत एकाने मंत्रालयाच्या वरच्या मजल्यावरून उडी मारली, तोही वाचला नाही. त्यानंतर इमारतीच्या मधल्या चौकात, मजल्यांच्या मधोमध, जाळी बांधली गेली.

या जाळीचे उद्घाटन झाले नाही. ‘शुभहस्ते’ कोणाचे नाव नाही, नारळ नाही, फीत नाही. तरीही राज्याच्या मुख्य कचेरीत गेल्या काही वर्षांत झालेला सर्वांत बोलका बदल तोच आहे. दरबार हॉल बांधताना सरकार लोकांना काय दाखवू इच्छिते ते कळते; जाळी बांधताना सरकारला लोकांबद्दल काय माहीत आहे ते कळते. ‘माणसे वर येतील, काम होणार नाही, काही जण उडी मारतील’ असा हिशेब कोणीतरी मांडला, निविदा निघाली असेल, मोजमापे झाली असतील. ते वाचवणारे काम आहे, त्याला नावे ठेवत नाही. माणूस उडी मारायच्या मजल्यापर्यंत पोहोचतो कसा, या प्रश्नावर मात्र त्या वर्षी कुठले बांधकाम झाले नाही. आता दारावर चेहरा ओळखणारे यंत्र आहे, प्रवेशासाठी ‘डिजिप्रवेश’ आहे. नंदुरबारहून सुरतेवरून गाडीने मुंबई गाठणाऱ्या माणसाने आधी मोबाइलवर नोंद करायची. तोरणमाळच्या पायथ्याशी रेंज कुठे मिळते, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

मग ४ ऑक्टोबर २०२४ उजाडला. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदार त्याच जाळीवर उतरले. धनगरांना अनुसूचित जमातींतून आरक्षण देऊ नये आणि पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातली भरती मार्गी लावावी, या मागण्या होत्या. ज्या सभागृहाचे पीठासन झिरवाळ सांभाळत, ते विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर. तिथला माइक, तिथली घंटा, तिथला मान सोडून उपाध्यक्षांना जाळीवर जाऊन उभे राहावे लागले. दिवसभर वाहिन्यांवर तेच दृश्य. कोणी म्हणाले स्टंट, कोणी म्हणाले शोभत नाही. आमच्याकडे नोकरीची वाट पाहत बसलेल्या पोरांनी मात्र त्यात स्टंट पाहिला नाही.

या भरतीचा धागा पुन्हा मलबार हिललाच जातो. अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, परिचारिका अशा सतरा संवर्गांची पदे स्थानिक आदिवासींतून भरावीत, ही तरतूद राज्यपालांच्या अधिसूचनेतून आली. म्हणजे घराचे नाव राजभवन होते तेव्हाही त्यातून आमच्या कामाचे कागद निघत होते. मे २०२० मध्ये राज्यपाल कोश्यारींच्या सहीने, वनहक्काचा दावा जिल्हा समितीने फेटाळला तर विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करायची वाट खुली झाली. कोश्यारींचे नाव निघाले की महाराष्ट्राला पहाटेचा शपथविधी आठवतो, आणि ते चुकीचे नाही. पण ज्याचा दावा फेटाळला होता अशा शेतकऱ्याला नाशिकच्या आयुक्तालयाची पायरी दिसली ती त्या सहीमुळे. दालन कुठल्या संगमरवराचे होते, हे त्याने विचारले नाही.

भरतीचा कागद मात्र न्यायालयात अडकला, निवड झालेली मुले नेमणुकीविना राहिली, मोर्चे निघाले, आणि शेवटी गोष्ट जाळीपर्यंत आली. पुढे त्यांना मानधनावर तात्पुरत्या नेमणुका द्यायचे सरकारने ठरवले. कायमची नेमणूक आणि तात्पुरती नेमणूक यांतला फरक पगाराच्या दिवशी कळतो. तो मिटवणाऱ्या आदेशाला भूमिपूजन लागत नाही, सही लागते.