विमानात आधी कोण?

नागपूरहून मुंबई-दिल्लीकडे जाणारी बरीच विमाने एअरबस ए-३२० जातीची असतात. तीसेक रांगा, दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने, सुमारे १८० प्रवासी आणि त्या सगळ्यांना मिळून मधली एकच अरुंद वाट. आलेले विमान पुन्हा निघेपर्यंत कंपनीच्या हाती जेमतेम अर्धा-पाऊण तास असतो. जमिनीवर उभे विमान कमाई करत नाही, म्हणून प्रवाशांना गटागटाने आत सोडतात.

गेटवर पहिला मान व्हीलचेअरवरच्या आणि तान्ही मुले घेऊन निघालेल्या प्रवाशांचा. मग जादा पैसे भरलेले किंवा त्या कंपनीने सतत प्रवास करणारे. त्यानंतर बोर्डिंग पासवर छापलेल्या झोननुसार बाकीचे.

खरी कोंडी गेटवर होत नाही; ती आतल्या वाटेत होते. एक जण सात किलोची बॅग वरच्या कप्प्यात चढवू लागला की मागची सगळी रांग थांबते. खिडकीवाला उशिरा आला तर आधी बसलेल्या दोघांना उठून बाहेर यावे लागते. शेवटच्या रांगांना आधी बोलावणे वरकरणी शहाणपणाचे वाटते. पण शेजारशेजारच्या रांगांतले लोक एकाच वेळी एकाच ठिकाणी बॅगा उचलू लागतात आणि गर्दी तिथेच साचते.

अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी २००८ मध्ये यावर तोड सुचवली: आधी खिडकीवाले, तेही एकाआड एक रांग सोडून, मग मधले, शेवटी वाटेलगतचे. पुढे ७२ प्रवाशांवर केलेल्या चाचणीत या पद्धतीला साडेतीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला, तर रांगांचे गट करून बसवायला सुमारे सात मिनिटे. कसलाच क्रम न लावतासुद्धा पावणेपाच मिनिटांत काम झाले! मात्र एकेका प्रवाशाला क्रमाने उभे करणे गेटवर जमत नाही आणि त्यात कुटुंबाची ताटातूट होते. म्हणून युनायटेड एअरलाइन्सने ऑक्टोबर २०२३ पासून खिडकी, मधले, वाटेलगतचे एवढाच सोपा क्रम लावला आणि एका तिकिटावरच्या कुटुंबाला एकत्र जाऊ दिले.

आपल्याकडे २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनने आसनक्रमांकच दिले नव्हते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशीच घाई मग विमानाच्या दारात होई.

क्रमापेक्षाही वेळ वाचतो तो दुसऱ्या दाराने. विमान एरोब्रिजला लागले की बहुधा पुढचे एकच दार वापरात येते. ते दूर उभे असेल तर प्रवासी बसने किंवा चालत जातात; पुढच्या रांगांचे पुढून, मागच्यांचे मागून चढतात. नागपूरच्या मे महिन्यात एरोब्रिज सुखाचा खरा, पण चढण्याचे काम दोन दारांनी लवकर उरकते. एटीआर-७२ सारख्या छोट्या विमानाला प्रवाशांचे दार मागेच असते, त्यामुळे तिथे पुढच्या रांगा आधी भरणे सोयीचे.

अग्रक्रम विकत घेणाऱ्याला मुख्यतः मिळते ती वरच्या कप्प्यातली मोकळी जागा. आसन तर ठरलेलेच असते. गट कोणताही असो, उड्डाणाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी गेट बंद होते.