आयुष्मान कार्ड आहे, मग बीपीची गोळी त्यावर का मिळत नाही?

समजा, केळापूर तालुक्यातल्या एका गावात आजीचा बीपी वाढलाय. घरात आयुष्मान कार्ड आहे. पांढरकवड्याच्या खासगी दवाखान्यात कार्ड दाखवलं, तर उत्तर आलं, 'इथं चालत नाही.' घरी परतताना सगळ्यांचं एकमत, योजनाच खोटी!

योजना खोटी नाही आणि दवाखानाही खोटं बोलत नाही. हे कार्ड मुळात ॲडमिट होण्यासाठी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण ते यादीतल्या उपचारांसाठी आणि यादीतल्याच रुग्णालयांत. तपासणी, इंजेक्शन, महिन्याच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

मग आजीने जायचं कुठे? गावाजवळच्या उपकेंद्रात. फलकावर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं आणि खरा घोळ या नावानेच होतो, कारण इथे कार्ड लागतच नाही. बीपी-शुगरची तपासणी आणि गोळ्या फुकट. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर जे काम करते, त्याच्या जवळपासचं काम इथे सामुदायिक आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ करतात. महाराष्ट्रात हे बहुतेक बीएएमएस डॉक्टर किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले असतात. गरज पडली तर ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरांशी बोलणंही करून देतात.

आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं, असा निकष आहे. केळापुरात कोलाम-गोंड वस्त्या बऱ्याच, त्यामुळे हा आकडा इथे महत्त्वाचा. अर्थात इमारत असणं वेगळं आणि सीएचओ हजर असणं वेगळं. कुठल्या दिवशी कोण भेटेल, हे आशाताईला आधी विचारलेलं बरं.

पुढचा टप्पा पांढरकवड्याचं उपजिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही नाहीत. यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय मात्र वेगळ्या खात्याचं, त्याला हा निर्णय लागू नव्हता. तिथे केसपेपरला पैसे मागितले, तर लगेच भांडू नका.

या व्यवस्थेतली खरी खोट वेगळीच आहे. विमा सुरू होतो तो आजार मोठा झाल्यावर. गोळ्यांअभावी आजीला लकवा मारला, तर लाखाचं बिल योजना भरेल. पण त्याआधीची स्वस्त गोळी उपकेंद्रात संपलेली असली, तर ती मेडिकलमधून स्वतःच्याच पैशाने आणायची.

ॲडमिट व्हायची वेळ आलीच, तर बेड घेण्याआधी 'आरोग्यमित्र कुठे बसतात?' हे विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. रुग्णालय योजनेत आहे का, हे १५५३८८ वर घरूनच विचारता येतं.